शक्ती द्या, पण अट घालून!

गोदाकाठापासून तुंबाडच्या वाड्यापर्यंत, चांगलं-वाईट दोन्ही पोटात घेऊन फिरणाऱ्या अचाट पात्रांच्या चटपटीत गोष्टी

नांदेड जिल्ह्यातल्या उमरी स्टेशनातून गाडी धर्माबादच्या दिशेने सुटली की करखेली, धर्माबाद आणि मग बासर. बासरला उतरणाऱ्यांत लेकराला पहिलं अक्षर गिरवायला घेऊन निघालेले आईबाप हमखास असतात. तिथल्या सरस्वतीची आख्यायिका अशी की महर्षी व्यासांनी गोदावरीतली मूठमूठ वाळू आणून ही देवी घडवली. म्हणजे ज्याने कर्ण रचला, अश्वत्थामा रचला, हातात दिव्य अस्त्रं आणि मनात घोर कल्लोळ असलेली अख्खी पलटण उभी केली, तो लेखक उमरीपासून तीन स्टेशनांवर येऊन गेला, असं मानणारा हा मुलूख आहे.

आज पोरांच्या मोबाइलवर उडणारे, अदृश्य होणारे, भिंती फोडणारे वीर रांगेने येतात. त्यातले लक्षात किती राहतात? राहतात ते, ज्यांच्याबद्दल "हा बरोबर की चूक?" असा घरात वाद होतो. अशी पात्रं रचण्यात मराठी माणूस आणि त्यातही गोदाकाठ फार जुना मुरलेला आहे. एक गोष्ट तर पुन्हा पुन्हा दिसते. आपल्या कथेकऱ्यांनी शक्ती दिली की तिच्या पाठोपाठ एक अट ठेवली, आणि त्या अटीपाशी पात्राचा खरा स्वभाव उघडा पडला. चला, एकेक पाहू.

१. मुडद्यात राहणारा हितचिंतक

विक्रम-वेताळाचं मूळ गाव उज्जैन, असं बहुतेकांना वाटतं. पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने लिहिलेल्या 'कथासरित्सागरा'त हा राजा आहे गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, आणि त्याचं नाव त्रिविक्रमसेन. वेताळ प्रेतात राहतो, राजाला रात्रभर स्मशानाच्या खेपा घालायला लावतो आणि त्याची अट तर अशी की ऐकणारा चक्रावून जावा. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल, बोललास तर मी परत झाडावर! शेवटी कळतं की राजाचा बळी देऊ पाहणारा खरा वैरी म्हणजे रोज फळात रत्न घालून आणणारा साधू, आणि राजाला सावध करणारा हा वेताळच. भूत सज्जन आणि साधू दुर्जन, ही उलथापालथ हजार वर्षांपूर्वीची आहे.

२. गोष्टी ऐकून जनावरं वाळली

या कथांचं मूळ मानली जाणारी 'बृहत्कथा' गुणाढ्याची, आणि गुणाढ्य पैठणच्या सातवाहन राजाच्या दरबारातला. कथा सांगते की पैज हरल्यावर त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा सोडल्या आणि पैशाची भाषेत सात लाख श्लोक स्वतःच्या रक्ताने लिहिले. राजाने ते नाकारले. मग गुणाढ्य रानात जाऊन एकेक पान मोठ्याने वाचायचा आणि अग्नीत टाकायचा. ऐकणारी जनावरं चरायचीच विसरली, वाळून गेली. राजाच्या ताटातलं मांस निःसत्त्व झालं तेव्हा चौकशी झाली आणि राजा धावत आला. तोवर सहा लाख श्लोक जळले होते. उरलेल्या एका लाखावर पुढच्या पिढ्यांनी हजार वर्षं गुजराण केली. गोष्ट सांगणाऱ्यालाच अलौकिक शक्ती आहे, असं मानणारी ही कथा प्रत्येक लेखकाने उशाशी ठेवावी.

३. गुरूच्या पोटात बसून घेतलेली विद्या

गोदेच्या वरच्या अंगाला कोपरगाव. तिथल्या बेट भागात शुक्राचार्यांचं मंदिर आहे आणि कच-देवयानीची कथा या परिसराशी जोडलेली आहे. मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या शिकायला देवांचा कच दैत्यगुरूकडे आला. दैत्यांनी त्याला पुन्हा पुन्हा मारलं. शेवटी तर जाळून राख मद्यात मिसळली आणि ती गुरूलाच पाजली. आता कच जिवंत झाला तर गुरू मरणार. म्हणून गुरूने पोटातल्या शिष्याला विद्या दिली. तो पोट फाडून बाहेर आला आणि त्याने गुरूला उठवलं. देवयानीने लग्नाची मागणी घातली तेव्हा मात्र त्याने तिला बहीण ठरवलं. तिने शाप दिला की तुला ही विद्या फळणार नाही. तो म्हणाला, मी ज्याला शिकवेन त्याला फळेल. कच कृतज्ञ की मतलबी? पाराच्या कट्ट्यावर हा प्रश्न टाकून पाहा, दोन तट पडतील.

४. "मागे वळून पाहू नकोस"

माहूर आपल्याच नांदेड जिल्ह्यातलं, साडेतीन पीठांपैकी एक. रेणुकामातेवरची श्रद्धा श्रद्धेच्या जागी; कथेचा कस पाहायचा तर इथे थांबावंच लागतं. वडिलांनी आज्ञा केली म्हणून परशुरामाने आईचं शिर उतरवलं. वडील प्रसन्न होऊन वर देऊ लागले तेव्हा त्याने मागितलं, आई जिवंत होऊ दे आणि घडलेलं तिला आठवूही नये. आज्ञाही पाळली आणि आईही परत मिळवली. पण त्याच्या स्वतःच्या आठवणीचं काय?

माहूरची स्थानिक कथा आणखी पुढे जाते. आई गेल्यावर शोक करणाऱ्या परशुरामाला सांगितलं गेलं की ती जमिनीतून वर येऊन दर्शन देईल, तोवर मागे वळून पाहू नकोस. त्याला धीर धरवला नाही. तो वळला, तेव्हा फक्त मुख वर आलं होतं. आजही माहूरला देवीच्या मुखाचीच पूजा होते. सारी पृथ्वी जिंकणारा वीर एका साध्या अटीपुढे हरतो, कारण तो आईवेडा लेक आहे.

५. एक दैत्य शेजारी, एक पायरीशी

लोहा तालुक्यातलं माळेगाव म्हटलं की मार्गशीर्षातली खंडोबाची यात्रा, घोडे, उंट, गाढवं आणि लावण्यांचे फड. त्या यात्रेमागे दोन खलनायक उभे आहेत: मणी आणि मल्ल. दोघे भाऊ, दोघांना वर मिळालेले, दोघे सारखेच उन्मत्त. पण शेवट वेगवेगळे. मणीने मरताना क्षमा मागितली, आपला पांढरा घोडा खंडोबाला दिला आणि देवाजवळ जागा मागून घेतली. मल्लाने मात्र मरतानाही संहारच मागितला, म्हणून त्याचं शिर देवळाच्या पायरीशी आलं, असं परंपरा सांगते. एकाच घरातले, एकाच ताकदीचे दोन दुष्ट, आणि अखेरच्या घटकेला वाटा फुटतात. खलनायकाला सुधारण्याची एक संधी द्यावी, हे गोंधळ्यांनी आणि वाघ्या-मुरळींनी जागरण-गोंधळातून आपल्याला कधीचंच शिकवलं आहे.

६. मारुतीचं नाव नाही, गाडीही नाही

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाथर्डी तालुक्यात नांदूर निंबादैत्य नावाचं गाव आहे. ग्रामदैवत निंबा दैत्य. हा दैत्य रामभक्त होता, हनुमंताशी त्याची लढाई झाली आणि रामाने त्याला गावात मान दिला, अशी कथा आहे. त्यामुळे गावात मारुतीचं मंदिर नाही, मुलाचं नाव मारुती ठेवत नाहीत आणि मारुती कंपनीची गाडीही घेत नाहीत!

त्याच जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या दुरगावला दुर्योधनाचं देऊळ आहे. महाभारतात त्याला पाणी थिजवून तळ्यात लपण्याची विद्या होती. इथली जुनी समजूत अशी की पावसाळ्यात त्याची नजर ढगांवर पडली तर ढग पळून जातील, म्हणून त्या दिवसांत दार बंद ठेवायचं. अकोला जिल्ह्यातल्या सांगोळ्याला तर रावणाची पूजा होते. पुस्तकात खलनायक ठरलेल्याला गावाने आपल्या पदरात घेतलं, याची ही तीन ठसठशीत उदाहरणं.

७. न भरणारी जखम

अमरत्व म्हणजे वरदान, असं वाटत असेल तर नंदुरबारला जा. सातपुड्यातल्या अस्तंभ्याच्या शिखरावर दिवाळीत हजारो भाविक चढून जातात. हे ठाणं अश्वत्थाम्याचं मानतात. बापाला कपटाने मारलं म्हणून पेटलेला हा वीर रात्री झोपलेल्या छावणीत शिरला आणि द्रौपदीच्या पाचही पोरांना त्याने कापलं. शिक्षा म्हणून कपाळावरचा मणी काढून घेतला गेला आणि हजारो वर्षं वणवण भटकण्याचा शाप मिळाला. रानात भेटून जखमेसाठी तेल मागणारा अश्वत्थामा लोकांच्या बोलण्यात अजून जिवंत आहे. अपराध अक्षम्य, तरीही तेल द्यावंसं वाटतं. २०२४ च्या 'कल्की २८९८ एडी' चित्रपटात अमिताभ बच्चन यांनी हाच अश्वत्थामा उभा केला आणि नव्या पिढीने त्याला डोक्यावर घेतलं.

८. चपला झिजवणारा राखणदार

पैठणचा वेताळ झाडाला लटकला, कोकणातला मात्र नोकरीला लागला! सिंधुदुर्गातल्या आरवलीचा श्री देव वेतोबा गावाची राखण करतो. रात्री तो हद्दीवरून फेरी मारतो, म्हणून नवसाला त्याला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, आणि त्या झिजतात असं भाविक सांगतात. केळ्यांचे घडही वाहतात. लेखक जयवंत दळवी याच आरवलीचे. आपल्या कंधारलाही राष्ट्रकूटकाळातल्या प्रचंड क्षेत्रपाल मूर्तीचे हातापायांचे अवशेष सापडलेले आहेत. उग्र रूप आणि मायेचं काम, ही जोडी आपल्या गावांना नवी नाही.

९. सहा जणांनी सांगितलेला कर्ण

१९६७ साली शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आली आणि कर्ण घराघरात पोचला. यातली हुशारी अशी की कर्णाची गोष्ट सहा जण सांगतात: स्वतः कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण. आईचा कर्ण वेगळा, मित्राचा वेगळा, बायकोचा वेगळा. जन्मजात कवचकुंडलं असलेला हा माणूस समोर कोण उभा आहे ते ओळखूनही ती कापून देतो, आणि हाच माणूस भरसभेत द्रौपदीच्या अपमानात सामील असतो. त्याच्या अस्त्रविद्येलाही अट आहे. परशुरामाचा शाप, की ऐन वेळी आठवणार नाही.

त्याआधी १९५९ मध्ये वि. स. खांडेकरांनी 'ययाति' लिहिली. आपलं म्हातारपण मुलाला देऊन त्याचं तारुण्य घेणारा राजा हा नायक! आजचा कुठलाही सुपरहिरो घ्या, इतक्या बेशरमपणे शक्ती कोणी वापरली नसेल. या लेखकाला १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, मराठीचा पहिला.

१०. वर मिळाला आणि घात झाला

चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'कोंडुरा' कादंबरीवर श्याम बेनेगल यांनी १९७८ मध्ये चित्रपट केला, हिंदीत 'कोंडुरा' आणि तेलुगूत 'अनुग्रहम'. घर सोडून निघालेल्या परशुराम नावाच्या साध्या तरुणाला समुद्राकाठी सिद्धपुरुष भेटतो. वर मिळतो, ब्रह्मचर्याची अट मिळते आणि गर्भ पाडणारी एक मुळी हाती येते. अनंत नाग यांनी केलेला हा तरुण वाईट माणूस अजिबात नाही. त्याला देवळाचा उद्धार करायचा आहे, गाव सुधारायचं आहे. पण आपण देवाचे निवडलेले आहोत ही खात्री माणसाचा कसा घात करते, ते पाहताना अंगावर काटा येतो. मराठी मातीतलं, तेलुगूतही बोललेलं हे पात्र सीमेवरच्या आपल्या पट्ट्याला दोन्हीकडून जवळचं.

११. एका आजीचा लांबचा प्रवास

नारायण धारप (१९२५–२००८) म्हणजे मराठी भयकथेचे सम्राट. त्यांचा 'समर्थ' हा नायक साधनेच्या बळावर अमंगळाशी झुंजतो. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी नव्वदच्या दशकात एका मित्राच्या तोंडून जंगलात एक गोष्ट ऐकली आणि ती डोक्यातून जाईना. ती निघाली धारपांची 'आजी', आणि 'आजी'ची प्रेरणा होती स्टीफन किंगची कथा. नाव घेतलं श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, आणि १२ ऑक्टोबर २०१८ ला 'तुंबाड' पडद्यावर आला. २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवला!

यातला हस्तर हा संपूर्ण कल्पित देव. सोनं त्याच्याजवळ, पण अन्नाला मुकलेला. म्हणून गळाला लावायची कणकेची बाहुली, आणि बचावाला पिठाचं रिंगण. एवढ्या एका अटीवर अख्खा चित्रपट तोलला आहे. आणि खरा भुकेला कोण? मोहरा चोरायला पुन्हा पुन्हा उतरणारा विनायकराव.

१२. विंचू, चेटकीण आणि बापू

१९९३ चा महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' आठवत नाही असा मराठी माणूस विरळा. मरता मरता मंत्र पुटपुटून गुंड तात्या विंचू बाहुल्यात शिरतो. बाहुल्यामागे बोलक्या बाहुल्यांचे जादूगार रामदास पाध्ये. तात्यालाही अट आहेच: पहिल्यांदा ज्याला आपली ओळख सांगितली, त्याच्याच देहात शिरता येईल. म्हणून नायक असलेल्या बिचाऱ्या लक्ष्याची पाठ सुटत नाही. मूळ कल्पना १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकी चित्रपटाची, पण मराठी मातीत ती इतकी रुजली की विंचू आपलाच वाटतो.

तात्या विंचू रंगवणारे दिलीप प्रभावळकर यांनीच रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यात चेटकीण केली, आणि त्यांनीच २००६ च्या 'लगे रहो मुन्नाभाई'मध्ये फक्त मुन्नालाच दिसणारे गांधीजी साकारले. एकाच नटात गुंडाचं भूत, चेटकीण आणि महात्मा!

१३. अफवा हीच शक्ती

'इंद्रजाल कॉमिक्स' १९६४ मध्ये सुरू झालं आणि ली फॉकचा 'फँटम' आपल्याकडे 'वेताळ' म्हणून आला. गंमत अशी की या वेताळाला कुठलीच अलौकिक शक्ती नाही. बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवतो आणि जंगल समजतं की हा चारशे वर्षं मेलाच नाही. लोकांचा विश्वास हेच त्याचं बळ. ही युक्ती नव्या लेखकाने जरूर उचलावी. पात्राला शक्ती देण्याआधी गावाला तिच्याबद्दल बोलू द्या.

१४. पंचविसावर न थांबलेला वेताळ

'चांदोबा' मासिकाची मराठी आवृत्ती १९५२ मध्ये आली. मूळ मासिक १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेलं. त्यातल्या वेताळकथा मूळच्या पंचवीस गोष्टींवर थांबल्या नाहीत. लेखकांनी त्याच चौकटीत वर्षानुवर्षं नव्या गोष्टी आणि नवे पेच रचले. खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला राजा रेखाटणारे चित्रकार के. सी. शिवशंकरन उर्फ 'शंकर' २०२० मध्ये गेले, पण त्यांचं ते चित्र आजही डोळ्यांपुढून हलत नाही.

१५. भुतावर जडलेला जीव

अमोल पालेकर यांनी २००५ मध्ये 'पहेली' केला, विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथेवर. नवरा लग्नानंतर लगेच व्यापाराला जातो आणि एक भूत त्याचं रूप घेऊन घरात येतं. इथवर फसवणूक. पण भूत बायकोला खरं सांगून टाकतं आणि निवड तिच्यावर सोपवतं. इथून पुढे त्याला दुष्ट म्हणायला जीभ रेटत नाही. एका कबुलीने पात्राचं सारं वजन बदलतं.

१६. उमरीने प्रत्यक्ष पाहिलेला पेच

आता जादू बाजूला ठेवून खऱ्या इतिहासात या. जानेवारी १९४८. हैदराबाद संस्थान निजामाचं, रझाकारांचा धुमाकूळ चाललेला. त्या वेळी स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटली, मुक्तिसंग्रामासाठी. कायद्याच्या पुस्तकात दरोडा, जनतेच्या मनात देशकार्य. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं. चांगल्यासाठी केलेलं वाईट काम कसं दिसतं, हे कल्पनेतून शोधायची उमरीच्या लेखकाला गरजच नाही. आजोबांच्या तोंडून ऐकलं तरी पुरे.

आता घडवू या एक: उमरीचा मापाडी

एवढा मसाला हाताशी आहे, तर एक नवं पात्र उभं करून पाहू. जागा: उमरीचा मोंढा. काळ: सोयाबीनची आवक सुरू झाल्याचे दिवस. माणूस: गणपत मापाडी, वय पन्नाशीचं, काट्यावर आयुष्य गेलेलं.

त्याची शक्ती अशी. पोत्यावर तळहात ठेवला की त्या शेतकऱ्याच्या घरातली अडचण त्याला दिसते. कुणाच्या पोरीचं कॉलेज अडलंय, कुणाच्या बापाला दवाखान्यात न्यायचंय. आणि त्याने मनात आणलं तर ते पोतं काट्यावर पाच किलो जड भरतं.

अट अशी. वजन हवेतून येत नाही. रांगेतल्या पुढच्या पोत्यातून तेवढंच उतरतं. आणि ते पोतं कुणाचं, हे हात ठेवेपर्यंत त्यालाही ठाऊक नसतं.

एक सकाळ पाहा. कोवळा पोरगा उभा आहे, डोळे काट्यावर. "मामा, नीट बगा की वं, औंदा लई कमी झालंय." गणपत हात ठेवतो. त्याला घर दिसतं, आजारी आई दिसते. तो डोळे मिटतो, आणि काटा वर सरकतो. अडत्या पट्टी फाडतो, पोरगं खुशीत जातं. हमाल पुढचं पोतं आणतात. गणपत सवयीने हात ठेवतो आणि चटका बसल्यागत मागे घेतो. हे पोतं त्याच्या विधवा बहिणीचं.

आता गणपत काय करेल? बहिणीचं वजन भरून काढायला तिसऱ्याच्या पोत्याला हात घालेल? स्वतःच्या मजुरीतून पाच किलोचे पैसे तिच्या पदरात टाकेल आणि वर्षभर असंच टाकत राहील? की हे काम सोडेल, आणि मग ज्यांना तो वाचवू शकला असता त्यांच्या घरावरून मान खाली घालून जाईल? तो देवमाणूस की चोर, याचं उत्तर मोंढ्यातला प्रत्येक जण वेगळं देईल. तसं झालं की पात्र जमलं समजा.

लिहायला बसण्यापूर्वी पाच प्रश्न

वरच्या सगळ्या मंडळींना ओळीत उभं केलं तर पाच प्रश्न हाती येतात. पात्राची पाटी कोरी असताना ते विचारून घ्या.

* शक्ती कोणत्या अटीवर मिळाली? (वेताळाची बोलण्याची अट, माहूरची वळून न पाहण्याची.)
* ती वापरली की किंमत कोण मोजतं? (ययातीसाठी मुलाने मोजली. ज्याची शक्ती त्यानेच मोजली तर गोष्ट लवकर संपते.)
* कोणासाठी तो अट मोडेल? (परशुरामासाठी आई. प्रत्येकाला असं एक माणूस हवंच.)
* गोष्ट कोण सांगतंय? (कर्णाला सहा तोंडं मिळाली, तुमच्या पात्राला निदान दोन द्या.)
* शेवटी एक संधी मिळाली तर तो मणी होईल की मल्ल?

या प्रश्नांना शस्त्रं, पोशाख, उडणं, चमकणं असलं काही लागत नाही. म्हणूनच पैठणच्या स्मशानात सुचलेली कल्पना हजार वर्षांनी मासिकात चालली आणि कोकणातल्या वाड्यातली भूक मल्टिप्लेक्समध्ये चालली. पात्राचं वय त्याच्या शक्तीवर ठरत नाही. वाचकाला त्याच्याबद्दल निकाल देणं किती जड जातं, त्यावर ठरतं.

उमरी, भोकर, धर्माबाद, कंधार, अहमदपूर, औसा इथल्या शाळा-कॉलेजांत लिहिणारी मुलं भरपूर आहेत, आणि आजी-आजोबांच्या पोतडीत खवीस, मुंजा, हडळ, गिऱ्हा, चकवा अजून शिल्लक आहेत. ती पिढी आहे तोवर त्यांच्याकडून गोष्टी ऐकून घ्या, वहीत उतरवा, गावाचं नाव आणि सांगणाऱ्याचं नातं लिहून ठेवा. मग त्यातलं एक पात्र उचला, त्याला आजच्या मोंढ्यात, आजच्या एसटीत, आजच्या वसतिगृहात आणून बसवा आणि वरचे पाच प्रश्न विचारा. चार पानं झाली की शाळेच्या हस्तलिखिताला द्या, गावच्या वाचनालयात वाचून दाखवा, दिवाळी अंकाला पाठवा. मराठवाड्यातून असं एक तरी पात्र येत्या दिवाळीपर्यंत यायला हवं. सुरुवात या रविवारीच करा.